माळ्यावरून दिसणारे पाणी : नववीच्या वर्गातील हवामानबदल-लेखनाचे एक प्रकरण

माहीम आणि धारावी यांच्या सीमेवरील एका अनुदानित मराठी शाळेत, २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात, नववीच्या एका तुकडीकडून हवामानबदलावर लेखन करवून घेण्याचा जो प्रयत्न झाला, त्याची ही नोंद आहे. काम उभे केले ते वर्गाला मराठी शिकवणाऱ्या बाईंनी. त्याच वर्गाचा विज्ञान शिक्षक म्हणून मी त्यांच्या सोबतीला होतो. शाळेचे, बाईंचे आणि मुलांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण मुलांच्या लेखनात त्यांच्या घरातल्या अशा अनेक गोष्टी आल्या आहेत, ज्या त्यांच्यापुरत्याच राहणे योग्य आहे.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते, आणि आमची शाळा त्या मुखापासून फार दूर नाही. वर्गातील काही मुले दोन्ही बाजूंच्या कोळीवाड्यांतून येतात, बरीचशी बैठ्या घरांतून येतात, काहींची कुटुंबे गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठवाड्यातून आलेली आहेत, तर काहींच्या घरी मराठी बोललीच जात नाही. पावसाळ्यात भरतीची वेळ आणि पावसाचा जोर जुळून आला की या वर्गाची हजेरी एकदम निम्म्यावर येते. शाळेत कोणालाही त्याचे कारण विचारावे लागत नाही.

पहिला निबंध

जुलैच्या सुरुवातीला बाईंनी नेहमीप्रमाणे 'जागतिक तापमानवाढ : एक समस्या' हा विषय दिला. आलेल्या वह्या त्यांनी मला वाचायला दिल्या, आणि त्या एकापाठोपाठ एक वाचणे हा खिन्न करणारा अनुभव होता. 'आजच्या विज्ञानयुगात' अशी सुरुवात, मग मानवाचा स्वार्थ, वितळणारा बर्फ, उपाशी ध्रुवीय अस्वल, कारखान्यांचा धूर, ओझोनचे छिद्र, आणि शेवटी झाडे लावण्याचे आवाहन व तुकोबांच्या अभंगातली एक ओळ. मजकूर बहुतेक गाईडमधून आणि मोबाइलवरून आलेला होता, आणि त्यात विज्ञानाच्या चुकाही होत्या. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र हे तापमानवाढीचे मुख्य कारण असल्याचे निम्म्याहून अधिक वह्यांत लिहिलेले होते. तसे ते नाही.

त्यातली एक वही बाईंनी वेगळी काढून ठेवली होती. त्या मुलीच्या घरात त्याच आठवड्यात पाणी शिरले होते आणि ती दोन दिवस शाळेत आली नव्हती. परत आल्यावर तिने दीड पान निबंध लिहिला, आणि त्यात सगळे होते, फक्त ते पाणी नव्हते. उत्तर ध्रुवावरचा बर्फ होता, तिच्या घरातली ओली गादी नव्हती. बाईंनी तिला सहज विचारले, की घरी काय झाले ते का नाही लिहिलेस? तिने उत्तर दिले, "बाई, ते निबंधात येत नाही ना."

प्रकरणाचा उगम या वाक्यात आहे. मुले अज्ञानी किंवा बेफिकीर नव्हती. त्यांना एवढेच पक्के शिकवले गेले होते की निबंध म्हणजे लोकांना काय करायला हवे ते सांगणे, आणि जे आपल्या घरात घडते ते लिहिण्याजोगे नसते. हा दोष मुलांचा नाही. देशातील शिक्षणसंस्थांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला, आणि आपल्याकडे नववी-दहावीला 'जलसुरक्षा' हा स्वतंत्र विषयही आहे. पण मुलांच्या मनात त्या सगळ्याचा अर्क उपदेशाच्या रूपातच उतरलेला आहे. ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन तर आपल्या शाळांच्या उन्हाळी सुटीत येतो, त्यामुळे तो जूनच्या उत्तरार्धात एक रोप, एक घोषणा आणि एक छायाचित्र एवढ्यावर उरकला जातो.

काम बदलताना

१८ आणि १९ ऑगस्टला मुंबईत मुसळधार पाऊस झाला. मिठीची पातळी वाढल्यामुळे कुर्ल्याच्या क्रांतीनगरातील रहिवाशांना हलवावे लागले आणि १९ तारखेला शाळांना सुटी जाहीर झाली. शाळा पुन्हा भरल्यावर वर्गात दुसरा विषयच नव्हता. बाईंनी त्या तासाला पुस्तक उघडले नाही, आणि नवे काम तेथून सुरू झाले.

त्यांनी सुरुवात लेखनाने केली नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे बसायचे आणि 'हवामान बदलले का?' असे मुळीच न विचारता एखादी साधी गोष्ट विचारायची, एवढेच काम त्यांनी दिले. पाऊस येणार हे तुमच्या लहानपणी घरात कोणाला आणि कशावरून कळायचे? आगोट कधी भरायचात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी कधी करायचात? पहिल्यांदा घरात पंखा कधी आला? 'हवामान बदलले का?' असा थेट प्रश्न विचारला, तर म्हाताऱ्या माणसांकडूनही टीव्हीवर ऐकलेलेच उत्तर येते. पंख्याबद्दल विचारले की मात्र रात्री गच्चीवर किंवा ओट्यावर झोपण्याच्या गोष्टी येतात, त्या कधी बंद झाल्या हे येते, आणि त्यामागे उकाड्याइतकेच दाटीवाटीने उभे राहिलेले बांधकामही आहे, हेही येते. एका मुलाची आजी अजूनही पाऊस नक्षत्रांवर मोजते. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस ही नावे त्याने वर्गात सांगितली, तेव्हा बाकीच्या मुलांना ती एखाद्या गोष्टीतल्या पात्रांची नावे वाटली, आणि पुढे तीन-चार लेखनांत तरणा पाऊस पात्र म्हणूनच आला.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी काही शब्द बंद केले. 'समस्या', 'ऱ्हास' आणि 'मानव' हे शब्द वापरायचे नाहीत; शेवटच्या परिच्छेदात 'पाहिजे' आणि 'हवे' ही क्रियापदे येता कामा नयेत. मला प्रथम हा नियम फार कडक वाटला होता, परंतु त्याचा परिणाम लगेच दिसला. उपदेशाची वाट बंद झाल्यावर मुलांना लेखन कोठेतरी थांबवावे लागले, आणि थांबण्यासाठी आपल्याला खरोखर काय सांगायचे आहे याचा विचार करावा लागला.

तिसरी गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. बाईंनी मुलांना कोणताही अनोळखी वाङ्मयप्रकार दिला नाही. शालान्त परीक्षेत जे लेखनप्रकार विचारले जातात, म्हणजे आत्मकथन, प्रसंगलेखन, पत्र, बातमी, कथा, तेच त्यांनी घेतले. 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' आणि 'नदी बोलू लागली तर' या धर्तीचे लेखन मुलांनी पाचवीपासून केलेले असते. त्या साच्यात जिवंतपणा नाही असे आपण म्हणतो, पण साचा ओळखीचा असला की मुलाची निम्मी भीती जाते. पुढे एका पालकसभेत एका वडिलांनी, "हे दहावीला विचारतात का?" असे विचारले, तेव्हा बाई दहावीची प्रश्नपत्रिकाच दाखवू शकल्या.

माझ्या वाट्याला आले ते एक फळ्याएवढे कागदाचे तक्तेवजा पान आणि एक नोंदवही. रोज दोन मुलांनी वर्तमानपत्रातून आणि महानगरपालिकेच्या माहितीतून काही आकडे उतरवायचे : कुलाबा आणि सांताक्रूझ येथील कमाल-किमान तापमान, पाऊस, भरतीची वेळ आणि उंची, आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांतील साठा. मागच्या काही नोंदी मी स्वतः पहिल्या पानावर लिहून दिल्या. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून असताना २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला, ही त्यातली एक. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही, ही दुसरी. ही दुसरी नोंद वाचून एका मुलीने विचारले, की मग त्या दिवशी कुलाब्याच्या मुलीने काय लिहिले असते? हा प्रश्न मी विज्ञानाच्या तासाला विचारून घेऊ शकलो नसतो.

माळ्याचे मनोगत

जिच्या घरात जुलैमध्ये पाणी आले होते, तिने आत्मकथनासाठी आपल्या घरातला माळा निवडला. बैठ्या घरात पाणी चढू लागले की सामान माळ्यावर जाते. माळा बोलतो आहे, आणि त्याला खालून काय काय वर येते तेवढेच दिसते. आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रे येतात, त्यात रेशनकार्ड, आधारकार्ड आणि बाबांच्या नोकरीचे पत्र. मग गॅसची शेगडी, तांदळाचा डबा, दप्तरे, टीव्ही. पलंग वर येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या पायांखाली विटा जातात, आणि आजी त्या पलंगावर पाय वर घेऊन बसते. या क्रमावरून माळ्याला कळते की या घरात काय मोलाचे आहे. हे वाक्य मुलीचेच आहे, आणि चौदा वर्षांच्या मुलीने लिहिलेल्या अशा वाक्यापुढे मी तरी थोडा वेळ थांबलो.

पण हा पहिला खर्डा तिसऱ्या परिच्छेदात घसरला होता. तेथे माळा अचानक कार्बन डायऑक्साइड, जीवाश्म इंधने आणि हिमनद्या यांवर बोलू लागला. बाईंनी तेथे लाल शाईने चूक दाखवली नाही, समासात फक्त एक प्रश्न लिहिला : "माळ्याला हे कोणी सांगितले?" त्या प्रश्नावर पुढचा पूर्ण तास गेला. माळ्याला काय ठाऊक असू शकते? तो घराबाहेर जात नाही, पेपर वाचत नाही. पण तो जुना आहे. पूर्वी त्याच्यावर सामान कधी चढायचे आणि आता कधी चढते, हे त्याला सांगता येईल. मग तिने आईला विचारले, आणि नवा परिच्छेद आला : पूर्वी पाणी आल्यावर सामान वर चढायचे, आता आई जून लागताच निम्मे सामान वरच ठेवून देते, आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत ते खाली येत नाही, त्यामुळे माळ्याला चार महिने पाठ टेकता येत नाही.

हे वाचून बाई आनंदल्या, आणि मला मात्र येथे माझे काम करावे लागले. त्या घरात पाणी वारंवार येऊ लागले याचे कारण हवामानबदल आहे, असे सरळ म्हणता येईल का? मी तिच्याबरोबर आणि तिच्या बाकावरच्या दोघींबरोबर बसून कारणे उलगडली. समुद्राला उधाण असते आणि भरती साडेचार मीटरच्या वर जाते, तेव्हा नाल्यांचे पाणी समुद्रात सहज जात नाही. त्याच तासात जोराचा पाऊस झाला की पाणी वस्तीत थांबते. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने झालेली होती. ती दुप्पट क्षमतेची करण्याचे काम २००५ च्या पुरानंतर वेगाने हाती घेतले गेले. त्यात मिठीचे पात्र अरुंद झालेले, काठावरची तिवरे तोडलेली, नाल्यांत गाळ. यातले काहीच वातावरणातील वायूंमुळे घडलेले नाही.

दुसऱ्या बाजूला, हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसून आले. म्हणजे पाऊस पडण्याची रीत बदलते आहे, आणि तो पाऊस अंगावर घेणारे शहरही बदललेले आहे. दोन्ही खरे आहे.

हे ऐकून ती मुलगी गोंधळेल, असे मला वाटले होते. तिने घरी जाऊन आईला आणखी एक प्रश्न विचारला आणि दुसऱ्या दिवशी एक ओळ वाढवून आणली : "पूर्वी आमच्या घराचा उंबरठा गल्लीपेक्षा उंच होता, आता गल्ली उंबरठ्यापेक्षा उंच आहे." गल्लीवर काँक्रीटचे थर चढत गेले आणि घर आपोआप खड्ड्यात गेले. मुंबईतल्या किती वस्त्यांची ही कथा आहे, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. माळ्याने ही ओळ उच्चारली आणि मनोगत शास्त्राच्या दृष्टीनेही निर्दोष झाले, कारण ते कोणत्याही एका कारणावर बोट ठेवत नव्हते. ते फक्त आपल्या जागेवरून जे दिसते ते सांगत होते. नंतर तिच्या आईने ते वाचले आणि एक दुरुस्ती सुचवली. कागदपत्रांनंतर शेगडी नव्हे, तिची शिलाई मशीन वर गेली होती. ती दुरुस्ती तिने केली.

माझे ठाम मत आहे की हवामानबदलावरचे सर्जनशील लेखन आणि शास्त्रीय नेमकेपणा यांत वैर नाही. वैर आहे ते नेमकेपणा आणि भाषणबाजी यांत. ज्या मुलाला एक खरी वस्तू नीट दिसली आहे, त्याला खोटे कारण चिकटवण्याची गरज पडत नाही.

बोंबील, टँकर आणि २०५०

बाकीच्या लेखनापैकी तीनच येथे घेतो.

कोळीवाड्यातल्या एका मुलीची आजी मूळची वेसाव्याची. बोंबील बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर उन्हात वाळतात, आणि त्या वाळण्याच्या दिवसांत पाऊस आला की सगळा माल कुजतो. ओखी चक्रीवादळाच्या वेळी, ५ डिसेंबर २०१७ रोजी, मुंबईत पाऊस झाला आणि शाळांना सुटी मिळाली होती. मुलगी तेव्हा पहिलीच्या वयाची होती, तिला त्यातले काही आठवत नाही. आजीला दोरीवरचा माल आठवतो. मुलीने प्रसंगलेखन केले आणि आजीचे बोलणे जसेच्या तसे कोळी बोलीत ठेवले : "पाऊस आयला न बोंबील गेला." बाईंनी त्या बोलीला हात लावला नाही. काही सहकाऱ्यांना ते पटले नाही. प्रमाण मराठी शिकवणे हे आपले काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते म्हणणे टाकाऊ नाही. पण निवेदन प्रमाण भाषेत आणि आजी आजीच्या भाषेत, ही व्यवस्था मुलीने स्वतःच केली होती, आणि तिला दोन्हींतला फरक चांगला कळतो याचा तो पुरावाच होता. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यात तीव्र चक्रीवादळांचे प्रमाण वाढल्याचे आढळले आहे, हे मी वर्गाला सांगितले. तसेच, एका वादळावरून कल ठरत नाही, हेही सांगितले. पुढे वर्गाने नोंदवहीत २०२० चे निसर्ग आणि २०२१ चे तौक्ते ही दोन्ही वादळे स्वतः शोधून लिहिली.

दुसरे लेखन पत्र आहे. लातूर जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलाने गावाकडच्या चुलतभावाला लिहिलेले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते; त्याच सुमारास या मुलाचे वडील मुंबईत आले. पत्रात तो लिहितो : "तुमच्याकडे टँकर येतो तसा आमच्याकडे पंप येतो. तुमच्याकडे पाणी घरात घ्यायला रांग लागते, आमच्याकडे घरातून काढायला." पत्र छोटे होते, फार घोळवलेले नव्हते, आणि बाईंनी त्यात जवळजवळ काहीच बदलायला सांगितले नाही. मी त्याला मराठवाड्यातल्या उसाबद्दल आणि उपशाबद्दल थोडे बोललो. ते त्याने पत्रात घातले नाही, आणि त्याचे कारण योग्य दिले : चुलतभावाच्या घरी ऊसच आहे, त्याला वाईट वाटेल.

तिसरा प्रकार बातमीचा, आणि तेथे सर्वांत जास्त अडचण आली. २०५० सालची बातमी लिहा म्हटल्यावर बहुतेक मुलांनी, विशेषतः मुलांच्या मागच्या बाकांनी, मुंबई बुडवली. गेटवे बुडाला, लोकल बुडाली, सगळे मेले. भीती त्यात नव्हतीच. होता तो सिनेमातला उत्साह. मी आकडे मांडले : १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आहे, आणि शतकाच्या अखेरीस ती उत्सर्जनानुसार साधारण एक फुटापासून एक मीटरपर्यंत वाढू शकते. पंचवीस वर्षांत गेटवे पाण्याखाली जाणार नाही. पण उधाणाच्या दिवशी नाल्यातून उलटे येणारे पाणी आणखी आत येईल. बाईंनी वेगळा प्रश्न विचारला : बातमी लिहिणारा वार्ताहर सकाळी कुठून निघाला, आणि त्याला जाग आली तेव्हा लाइट होती का?

यातून एक बातमी खरोखर चांगली निघाली. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला आणि त्यात शहराचे निव्वळ उत्सर्जन २०५० पर्यंत शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. देशाचे तेच उद्दिष्ट २०७० साठी आहे. एका मुलाने हिशेब केला की २०५० मध्ये तो एकोणचाळीस वर्षांचा असेल. त्याची बातमी अशी : आज आराखड्याची मुदत संपली, आणि आमचा प्रतिनिधी महापालिका मुख्यालयात हिशेब विचारायला गेला. बातमीत एकही माणूस मरत नाही. प्रतिनिधी कोणत्या खिडकीवरून कोणत्या खिडकीवर पाठवला जातो, त्याला मध्येच जेवणाची सुटी लागते, आणि शेवटी एक अधिकारी त्याला फाइल देतो. फाइलमध्ये काय आहे ते मुलाने लिहिले नाही. मी त्याला विचारले, उद्दिष्ट गाठले की नाही? तो म्हणाला, "सर, ते मला आत्ता कसं कळणार?"

जे लिहिले गेले नाही

या प्रकरणात मला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त काळजी वाटते, ती येथे सविस्तर लिहितो. आपत्ती ज्यांच्या घरात येते, त्या मुलांना त्याबद्दल लिहायला सांगणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही. वर्गातल्या एका मुलीने 'त्या रात्री' एवढे दोन शब्द लिहिले आणि पुढचे पान कोरे दिले. बाईंनी काहीही विचारले नाही, वही परत केली, आणि त्याच दिवशी संपूर्ण वर्गाला सांगितले की कोणीही स्वतःच्या घराबद्दल लिहिलेच पाहिजे असे नाही. झाड, बस, कावळा, शाळेचा घंटानाद, काहीही चालेल, आणि कोणाची वही मोठ्याने वाचायची ते ज्याची वही त्याने ठरवायचे. वर्गशिक्षिकेने त्या मुलीच्या आईशी शांतपणे बोलून घेतले. मुलीने नंतर शाळेसमोरच्या गुलमोहराबद्दल लिहिले. तो कोणत्या महिन्यात फुलला याची तिने नोंद ठेवली होती. लेखन साधे होते. त्या दोन शब्दांपुढे काय होते, ते शाळेत कोणी जाणून घेतले नाही, आणि ते बरोबर झाले असे मला वाटते.

शिक्षकांना येथे मोह होतो. दुःखद प्रसंगावरचे लेखन वाचणाऱ्याला हेलावते, भित्तिपत्रकावर उठून दिसते, पाहुण्यांना दाखवता येते. पण मुलाची जखम हे शाळेचे साहित्य नव्हे. म्हणूनच बाईंनी या लेखनाची स्पर्धा घेण्यास नकार दिला. क्रमांक लावायचे ठरले असते, तर पुढच्या फेरीत ज्याच्या घरात जास्त पाणी त्याचा क्रमांक वर, असा हिशेब मुलांनी आपोआप केला असता. गुण दिले गेले ते तीन गोष्टींना : जे लिहिले ते पाहिलेले किंवा विचारून घेतलेले आहे का, बोलणाऱ्याला जेवढे ठाऊक असू शकते तेवढेच तो बोलतो का, आणि खर्डा दुसऱ्यांदा लिहिताना काय बदलले.

मुलांनी मला तासाला विचारलेला एक प्रश्नही या नोंदीत असायला हवा. एका मुलाने विचारले, की आमच्या घरात गाडी नाही, एसी नाही, विमानात कोणी बसलेले नाही, मग झाडे लावा आणि लाइट बंद करा हे आम्हालाच का सांगतात? मी त्याला खरे उत्तर दिले : जगात जास्त उत्सर्जन जास्त श्रीमंतांकडून होते आणि झळ आधी गरिबांना लागते, हे शास्त्रज्ञही मान्य करतात. पहिल्या निबंधात याच मुलाने 'आपण सर्व जबाबदार आहोत' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

फलित

सगळ्यांचे लेखन बदलले असा दावा करता येणार नाही. काही वह्या दुसऱ्या फेरीतही गाईडमधून आल्या; काही मुलांनी बंद केलेल्या शब्दांच्या जागी त्यांचे समानार्थी शब्द वापरून तोच निबंध लिहिला. घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांना ऐकण्याचे काम चांगले जमले, पण मिळालेली माहिती मराठीत उतरवताना ती अडखळली. त्यांच्यासाठी वेगळा वेळ द्यायला हवा होता आणि तो वेळापत्रकात मिळाला नाही. नोंदवही मात्र खंड न पडता भरली गेली. सहामाहीनंतर विज्ञानाच्या तासाला मुले 'हवामान' आणि 'आजचा पाऊस' यांत स्वतःहून फरक करू लागली, ओझोनचा घोटाळा पुन्हा दिसला नाही, आणि एका गोष्टीची अनेक कारणे असू शकतात हे मला पूर्वीसारखे पुन्हा पुन्हा सांगावे लागले नाही.

मुख्याध्यापिकांनी निवडक लेखनाची पुस्तिका काढण्याचे सुचवले आहे. त्यासाठी प्रत्येक घरी मजकूर वाचून दाखवून संमती घेण्याचे काम चालू आहे. दोन कुटुंबांनी नकार दिला आहे आणि तो मान्य करण्यात आला आहे. पुढच्या वर्षी नव्या नववीला हीच नोंदवही पुढे चालवायला मिळेल. बाईंनी आठवीलाही हे काम देण्याची परवानगी मागितली होती. त्यासाठी स्वतंत्र तासिका देणे शक्य झाले नाही, म्हणून त्यांनी शनिवारच्या अर्ध्या दिवसातील ग्रंथालयाची तासिका त्यासाठी घेतली आहे, आणि तिच्यातल्या आकड्यांच्या भागाला मी जाणार आहे.